पिवळी चकती

"किती?" बाईंनी बटणांनी भरलेली मूठ पुढे केली आणि ती उघडायच्या आतच मधल्या रांगेतून आरोळी आली, "चाळीस!"

"अगं घाईबाई, आधी बघ तरी!"

"बघितलं ना बाई. मूठ केवढी फुगलीये!"

मग काय, वर्गात नुसता गिल्ला. कोणी तीस म्हणालं, कोणी पंचवीस, आणि खिडकीपाशी बसणारा एक महाभाग पंधरावर अडून बसला. बाईंनी मूठ टेबलावर मोकळी केली. पाच-पाच बटणांचे ढीग करत सगळ्यांनी एका सुरात मोजलं, तर निघाली सत्तावीस. "फसली, फसली, घाईबाई फसली!" म्हणत पोरांनी बाक बडवून काढले. आणि जिची अशी जाहीर फजिती झाली होती ती सात वर्षांची पोर, एक वेणी सुटलेली आणि एक सुटायच्या बेतात असलेली, ऐटीत उठून फळ्याकडे निघालीसुद्धा.

दुसरीच्या अ तुकडीचा हा रिवाजच होता. ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त हुकेल त्यानं पुढे यायचं, खडू घ्यायचा आणि आपण कसा विचार केला होता ते सगळ्यांना सांगायचं. ज्याचं बरोबर येई त्याला बाईंकडून नुसतं "छान" मिळे. फळा, खडू आणि मान मिळे तो चुकलेल्याला. त्यामुळे या वर्गात चुकायला रांग लागायची.

"मला वाटलं शर्टाची बारकी बटणं असतील," घाईबाईनं खुलासा केला. "बारकी असती तर मावली असती चाळीस. पण ही कोटाची निघाली. ही नुसती जागा खातात."

"मग पुढच्या वेळी काय करशील?"

"आधी विचारेन, कोटाची का शर्टाची."

बाईंना हसू आवरेना. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून उरलीसुरली बटणं मागून आणून त्यांनी ती बरणी भरली होती, त्याला कैक वर्षं झाली. तेव्हापासून अख्खी शाळा त्यांना बटणबाई म्हणायची. मुलं तोंडावर आणि सहकारी माघारी. त्यांना त्याचं काही वाटत नसे. तशा त्या काही आदर्श शिक्षिका वगैरे नव्हत्या. हजेरीपट नेहमी अर्धवट, अक्षर यथातथा, आणि शिक्षकांच्या बैठकीत हमखास डुलकी. पण लहानपणी पाढे म्हणायला उभं केलं की त्यांची स्वतःची बोबडी वळायची, आणि घरी जाताना त्या पोट दुखतंय म्हणून रडायच्या. आपल्या वर्गात आकड्याच्या नावानं एकाही पोराचं पोट दुखता कामा नये, एवढी एकच गोष्ट त्यांनी नोकरीभर धरून ठेवली होती आणि ती त्यांना साधली होती. तेवढ्यावर त्या खूश होत्या.

त्या दिवशी बाक बडवण्याचा आवाज ऐकूनच की काय, हेडसर दारात आले. त्यांच्यामागे पाठीवर पिशवी लावलेला एक सडपातळ तरुण होता.

"हे तपासनीस," हेडसर म्हणाले. "वरच्या कचेरीतून आलेत. मुलांची संख्यांची समज बघणार आहेत. आणि आत्मविश्वास."

"आत्मविश्वास पण?" बाईंचा चेहरा खुलला. "मग या की! आमच्याकडे त्याला तोटा नाही."

हे वाक्य पुढे हेडसरांनी त्यांना बरेचदा ऐकवलं.

तपासणी जिन्याखालच्या खोलीत झाली, जिथं फाटके नकाशे आणि मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या असत. दोन बुटकी स्टुलं, मध्ये एक टेबल. एकेका मुलानं आत जायचं. तपासनीस ठिपक्यांचं कार्ड क्षणभर दाखवणार आणि विचारणार, किती? दोन आकडे दाखवणार आणि विचारणार, मोठा कुठला? मुलानं उत्तर दिलं की समोरच्या दोन वाट्यांतून एक चकती उचलून टेबलावर ठेवायची. उत्तराची खात्री असेल तर हिरवी. नसेल तर पिवळी. बरोबर की चूक ते तपासनीस सांगणार नाही, हसणार नाही, मानही हलवणार नाही. तसा नियमच होता.

शिक्षकांनी तिथं फिरकायचं नव्हतं. पण जिन्याशेजारी पाण्याचा नळ होता आणि बटणबाईंना त्या दिवशी फार तहान लागत होती.

"या टोकाला शून्य, त्या टोकाला शंभर," आतून तपासनिसाचा सपाट आवाज आला. "ही खूण कितीवर असेल?"

"साठ!" हा आवाज घाईबाईचा.

"चकती ठेव."

"हिरवी! हिरवीच की हो. अर्ध्यापेक्षा थोडं पुढे आहे, दिसत नाहीये का तुम्हाला?"

बाईंनी तोंडाला पदर लावला. बाटली भरून वाहत होती तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

मुलं परत येत होती ती उड्या मारत. "बाई, मी सगळ्या हिरव्या!" "मी पण सगळ्या!" "मला तर हिरव्या पुरल्याच नाहीत, त्यांनी पिशवीतून अजून काढल्या!" घाईबाई मात्र जरा नाराज होती. "ते दादा बोलतच नाहीत काही," ती म्हणाली. "मी विचारलं, मी फसले का? तर म्हणाले, सांगता येत नाही. मला वाटतं त्यांनाच येत नसेल."

दोन आठवड्यांनी हेडसरांनी बाईंना बोलावून घेतलं. तपासनीस आधीच येऊन बसला होता. त्याच्यापुढे चहा निवत होता.

"तुमची तुकडी शेवटची आली," हेडसरांनी घाव घालायला वेळ लावला नाही. "आपल्या शाळेत नाही. सगळ्या शाळांत."

बाईंना आधी ती थट्टाच वाटली. "कसं शक्य आहे? माझी मुलं…"

"मॅडम, मी सांगतो," तपासनीस खुर्चीत पुढे सरकला. तो मुळीच वाईट माणूस नव्हता. समजावून सांगायची त्याला मनापासून आवड होती. "उत्तर बरोबर आणि चकती हिरवी, तर दोन गुण. बरोबर पण पिवळी, तर एक. चूक आणि पिवळी, तर शून्य. आपल्याला येत नाही हे मुलाला कळतंय, म्हणून शिक्षा नाही. पण उत्तर चूक आणि चकती हिरवी, तर दोन गुण वजा. तुमची मुलं चुकली तिथंही सगळ्या हिरव्या आहेत. म्हणून बेरीज शून्याच्या खाली गेली."

"पण चुकली म्हणजे किती चुकली? ती खूण कितीवर होती?"

"कुठली?"

"शून्य ते शंभरची."

त्यानं कागद चाळले. "बासष्ट."

"आणि माझी पोरगी साठ म्हणाली! सात वर्षांची पोर, रिकाम्या रेघेकडे नुसती बघून! ही चूक?"

"बासष्ट नंबरची बस पकडायची असेल तर साठ नंबरात बसाल का तुम्ही?" हेडसर मध्येच म्हणाले आणि आपल्याच बोलण्यावर खूश होऊन त्यांनी तपासनिसाकडे पाहिलं. "बाई, याला फाजील आत्मविश्वास म्हणतात. ब तुकडी बघा. तीच पुस्तकं, तीच शाळा. मधल्या क्रमांकावर आहे."

"त्यांची मुलं तोंड उघडत नाहीत सर."

"तेच म्हणतोय मी."

मग हेडसरांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे ठेवला आणि खरं काय ते सांगितलं. मुलं कमी झाली होती. सत्र संपलं की दुसरीच्या दोन तुकड्यांची एक होणार. एका शिक्षिकेला जावं लागणार. कोणी राहायचं ते वरची कचेरी ठरवणार, आणि दुसऱ्या तपासणीचा निकाल बघून ठरवणार. ती सत्र संपता संपता होईल.

"तुम्ही दोघीही इतकी वर्षं हंगामीच राहिलात," ते म्हणाले. "मी तरी काय करू? माझ्या हातात असतं तर दोघींना ठेवलं असतं."

बाहेर मैदानात कुठल्यातरी वर्गाची कवायत चालली होती.

ब तुकडीच्या बाई म्हणजे काही शत्रू नव्हत्या. उलट शाळेत बटणबाईंची जवळची म्हणावी अशी तीच एक. मधल्या सुट्टीत दोघी एकाच बाकावर डबा उघडायच्या आणि एकमेकींच्या डब्यात हात घालायच्या. ती उंच, शिडशिडीत, आवाज कडक. तिच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई.

"कळलं ना तुला?" बटणबाईंनी विचारलं.

"कळलं." तिनं डबा उघडलाच नव्हता. "माझी मुलं घाबरट आहेत गं. म्हणून वाचली. विचारलं की थरथर कापतात आणि पिवळी उचलतात. त्यात माझं काय कौतुक?"

"मग आता?"

"आता काय? तुलाही नोकरी पाहिजे, मलाही पाहिजे. आपण उगाच एकमेकींना चांगलं-चांगलं बोलत बसायला नको." मग तिनं डबा उघडला आणि नेहमीसारखा मध्ये सरकवला. "खा. खायला काय झालं?"

दोघींनी खाल्लं. पण त्या दिवसापासून तपासणीचा विषय त्या बाकावर निघाला नाही, आणि तो सोडून दुसरं काही बोलायला सुचेना, म्हणून दोघी मुकाट्यानं जेवू लागल्या.

घरी नवरा खिडकीपाशी भाजी निवडत बसला होता. पाठीच्या दुखण्यानं त्याची गाडी चालवण्याची नोकरी सुटली तेव्हापासून स्वयंपाकघर त्याच्याकडे आलं होतं, आणि बाहेरचं जग बाईंकडे. त्यानं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना हात चालू होते.

"म्हणजे पोरांनी चुकावं, पण घाबरून चुकावं. असंच ना?"

"तसंच."

"मग शिकव की घाबरायला. त्यात काय अवघड आहे? आमच्या मास्तरांनी आम्हाला एका दुपारात शिकवलं होतं. छडी होती त्यांची, चांगली लवलवती."

"तुम्हाला थट्टा सुचतेय."

"थट्टा नाही गं." त्यानं सुरी खाली ठेवली. "तुझी पोरं हुशार आहेत ना? मग गप्प बसणंही शिकतील. नोकरी टिकली की पुन्हा शिकव त्यांना बडबडायला. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. या वयात दुसरी शाळा तुला उभी तरी करेल का? आणि मी असा. मी काही बोलत नाही, पण विचार कर."

"म्हणे बोलत नाही!" बाई भडकल्या. "एवढं बोललात ते काय होतं मग?"

त्या तणतणत आत गेल्या. भांडी आपटली, ताटल्या आपटल्या, आणि आपटायला आणखी काही उरलं नाही तेव्हा ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. नवऱ्याचा राग आला होता तो त्यानं चुकीचं सांगितलं म्हणून नाही. हे सगळं कार्यालयातून बाहेर पडतानाच त्यांच्या स्वतःच्या मनात येऊन गेलं होतं, म्हणून. दोन महिनेच तर. नंतर पुन्हा घडी बसवता येईल. पोरं लहान आहेत, विसरतील.

दुसऱ्या आठवड्यात बटणांची बरणी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. बाईंनी पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या, रंगवल्या, प्रत्येक मुलाच्या हातात एक हिरवी आणि एक पिवळी ठेवली आणि नवा खेळ समजावून सांगितला. पाठ असेल, अगदी झोपेत विचारलं तरी येत असेल, तरच हिरवी. बाकी सगळ्याला पिवळी. जो चुकीच्या उत्तराला हिरवी ठेवेल त्याच्या अख्ख्या रांगेला मधल्या सुट्टीत चेंडू मिळणार नाही.

रांगेची युक्ती बाईंचीच. एकट्या मुलाला शिक्षा करायला त्यांचं मन धजेना, म्हणून त्यांनी ती सगळ्यांत वाटून टाकली. वाटल्यानं ती कमी होईल असं त्यांना वाटलं होतं. बिचाऱ्या स्वतः गणित शिकवत होत्या.

पहिल्या दिवशी मधली रांग चेंडूविना बसली. दुसऱ्या दिवशीही मधलीच. तिसऱ्या दिवशी बाईंनी प्रश्न विचारायला तोंड उघडलं तोच पुढच्या मुलानं वळून घाईबाईला दटावलं, "हिरवी ठेवलीस ना तर बघ."

"येतंय मला," घाईबाई म्हणाली.

"काल पण येत होतं तुला."

"बाई, हिला दुसऱ्या रांगेत बसवा ना," शेजारची मुलगी म्हणाली. ती घाईबाईची जिवाभावाची मैत्रीण होती. दोघी एकाच पट्टीनं रेघा मारायच्या.

"आमच्याकडे नको!" खिडकीच्या रांगेतून एकदम दोघं-तिघं ओरडले.

वर्ग पूर्वी हसायचा तेव्हा घाईबाईही हसायची. आता तिला काय करावं कळेना. ती बाईंकडे बघायला लागली. बाईंनी नजर पुस्तकात घातली आणि प्रश्न विचारला, "सात आणि सहा?"

सवयीनं घाईबाईचे ओठ हलले. "तेरा," ती पुटपुटली. मग तिनं पुढे पाहिलं, मागे पाहिलं, रांगेतले सगळे तिच्या हाताकडे बघत होते. हिरव्या चकतीवर ठेवलेलं बोट तिनं हळूच उचललं आणि पिवळी पुढे सरकवली.

उत्तर बरोबर होतं. कोणत्याही शहाण्या बाईनं तिथं म्हटलं असतं, अगं वेडे, येतंय की तुला, घाबरतेस कशाला? बटणबाईंच्याही ते अगदी जिभेवर आलं होतं. पण तिनं चकती बदलली होती. घाईबाईसुद्धा बदलली तर बाकीची बदलणारच, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "असं. विचार करून."

पोरीच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. रांगेनं मात्र सुटकेचा श्वास टाकला, आणि त्या दिवशी मधल्या सुट्टीत चेंडू मधल्या रांगेला मिळाला. घाईबाई खेळायला गेली नाही. पायरीवर बसून तिनं आपली सुटलेली वेणी स्वतःच घालायचा प्रयत्न केला.

पुढचं मग आपोआप होत गेलं. बाईंना रागवावं लागलं नाही, आवाज चढवावा लागला नाही. मुलंच एकमेकांवर पहारा करत होती. वर्ग इतका शांत झाला की हेडसर एकदा दारावरून पुढे गेले आणि चार पावलं मागे येऊन, वर्ग रिकामा तर नाही ना, म्हणून डोकावून बघून गेले. एक मुलगा पाण्याला जाण्याआधी दोनदा परवानगी विचारू लागला. एकीला रोज सकाळी पोटदुखी सुरू झाली. तिची आई सांगायला आली तेव्हा बाईंनी ऋतू बदलल्याचं कारण दिलं आणि घरी येऊन स्वतः काही खाल्लं नाही.

"दोन महिने गं," नवरा म्हणाला. आता तोही थट्टा करत नव्हता.

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी बाईंना तहान लागली नाही. त्या वर्गातच बसून राहिल्या. मुलं एकेक करून जात होती, परत येत होती, हात बांधून जागेवर बसत होती. कसं झालं, असं बाईंनी कोणाला विचारलं नाही, आणि कोणी सांगितलंही नाही.

निकाल सांगताना तपासनीस अक्षरशः उभा राहिला. "मॅडम, एवढी सुधारणा मी कुठंच पाहिली नाही. पाठांतराच्या प्रश्नांना हिरवी, बाकी सगळ्याला पिवळी. फाजील आत्मविश्वास जवळजवळ संपला. तुम्ही काय केलंत ते दुसऱ्या शाळांतल्या शिक्षकांना सांगाल का?"

"त्यात सांगण्यासारखं काही नाही," बाई म्हणाल्या.

"असं कसं? तुमचीच एक मुलगी, त्या रेघेवर पंचाहत्तरची खूण होती. मागच्या खेपेला तर मला ऐकवून गेली होती, दिसत नाही का तुम्हाला म्हणून. या खेपेला बराच वेळ बघत बसली, आणि म्हणाली, माहीत नाही. पिवळी ठेवली आणि नमस्कार करून गेली."

"काहीच नाही बोलली? अंदाजानं एखादा आकडा?"

"नाही. शून्य गुण. पण मागच्या वेळी वजा होते."

हेडसरांनी हात पुढे करून बाईंचं अभिनंदन केलं. बाईंनी हात दिला. नोकरी राहिली होती. नोकरी राहिल्याचा आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. जिना उतरताना, आता घरी जाऊन सांगता येईल या विचारानं त्यांचे डोळे भरून आले होते. त्याच जिन्याखाली ब तुकडीच्या बाई आपल्या वर्गातले तक्ते गुंडाळून दोऱ्यानं बांधत होत्या.

"मी धरते," बटणबाई पुढे झाल्या.

"नको. झालंय." तिनं गाठ मारली. गाठ दातांनी आवळली. "तुझ्या वर्गावरून आत्ता गेले मी. दारात उभी राहिले तर सगळी पोरं एकदम उठून उभी राहिली. एक शब्द नाही."

बटणबाईंनी खाली पडलेला दोऱ्याचा तुकडा उचलला.

"मला नेहमी वाटायचं गं, तुझ्यासारखं जमायला हवं होतं. मला ती बडबड झेपायची नाही, डोकं उठायचं, म्हणून मी आपली डोळे वटारायची. संध्याकाळी घरी जाताना तुझ्या वर्गातला दंगा आठवून हेवा वाटायचा." तिनं तक्ते काखेत मारले. "असो. आता दोन्ही तुकड्या सारख्याच झाल्या. एकत्र बसवायला सोपं जाईल तुला."

ती रागानं बोलली असती तर बटणबाईंना बरं वाटलं असतं. ती नुसती थकलेली होती. फाटकापर्यंत सोडायला जावं की न जावं हे ठरेपर्यंत ती रस्त्याला लागलीही होती.

नव्या सत्रात दुसरीचा एकच वर्ग भरला. बाक वाढले, जागा कमी झाली, मुलं दाटीवाटीनं बसली. तपासणी संपली होती. पिवळ्या-हिरव्या चकत्या बाईंनी गोळा करून टाकूनही दिल्या होत्या. "आता मोकळेपणानं बोलायचं हं," असं त्यांनी पहिल्याच दिवशी वर्गाला सांगितलं, आणि मुलांनी "हो बाई" म्हणून एका सुरात मान डोलावली. त्यानंतर त्या रोज वाट बघत होत्या.

एका सकाळी त्या फळ्यावर बेरजा लिहीत होत्या. मन थाऱ्यावर नव्हतं. जुनी आणि नवी मुलं एकमेकांत इतकी मिसळून गेली होती की आपली कुठली आणि तिची कुठली हे वहीवर वाकलेल्या डोक्यांवरून ओळखू येईना, याचा विचार चालला होता. लिहून झालं, त्या वळल्या, दोन पावलं मागे आल्या आणि त्यांच्या लक्षात आलं. आठ अधिक पाच, बरोबर चौदा. स्वतःच्या हातानं, चांगलं ठसठशीत.

क्षणभर त्यांना बरंच वाटलं. पूर्वी अशा चुकीवर दुसरीच्या अ तुकडीनं छप्पर डोक्यावर घेतलं असतं. त्या खडू हातात धरून उभ्या राहिल्या. आता कोणीतरी ओरडेल. एकजण ओरडला तरी पुरे.

माना खाली होत्या. पेन्सिली चालल्या होत्या. मुलं उतरवून घेत होती.

घाईबाई मात्र लिहीत नव्हती. तिचा एक हात बाकाखाली होता आणि बोटं एकेक करून उघडत होती. तिनं फळ्याकडे पाहिलं. पुन्हा बोटं मोजली. पुन्हा फळ्याकडे पाहिलं. मग तिनं बोटं मिटून घेतली, वहीवर वाकली आणि लिहिलं. बाई जवळ गेल्या तर वहीत चौदा होते.

"किती आले गं?" त्यांनी तिच्या कानाशी वाकून विचारलं.

"चौदा."

"ते फळ्यावर आहेत. तुझ्या बोटांवर किती आले?"

पोरीनं आधी शेजारी पाहिलं. शेजारच्या मुलानं वही थोडी पलीकडे ओढून घेतली. "तेरा," ती म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "पण नक्की नाही, बाई."

बाई फळ्याशी परत गेल्या. "मुलांनो, माझं चुकलं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "आठ आणि पाच तेरा होतात. मी चुकले. बघा तरी, बाईंना आठ आणि पाच येत नाहीत!" आणि त्या हसल्या, मुलांनी हसावं म्हणून, जरा जास्तच हसल्या.

कोणी हसलं नाही. सगळ्या वर्गानं खोडरबर काढले. पान फाटू नये म्हणून डाव्या हातानं वही दाबून धरत मुलांनी चौदा खोडले, फुंकर मारून कचरा उडवला, तिथं तेरा लिहिले, आणि पेन्सिली खाली ठेवून, हात बांधून, पुढची बेरीज कुठली म्हणून त्यांच्याकडे बघत बसली.